तुंब्यातले वंगण

रामनवमीच्या कीर्तनात लहानपणी ऐकलेली एक कथा माझ्या मनात घर करून बसली आहे. देव-दानवांच्या युद्धात दशरथ राजा इंद्राच्या साहाय्यास गेला. सोबत कैकेयी होती. ऐन रणात रथाच्या आसाची खीळ निखळली. चाक निसटणार, तोच कैकेयीने खिळीच्या छिद्रात आपला हात घातला आणि युद्ध संपेपर्यंत तो तसाच धरून ठेवला. प्रसन्न झालेल्या राजाने दोन वर दिले, आणि पुढचा वनवास त्या दोन वरांतून उद्भवला. वाल्मीकींच्या ग्रंथात खिळीचा हा तपशील नाही. तेथे कैकेयी घायाळ राजाला रणांगणातून दूर नेते. खिळीची कथा अध्यात्म रामायणात आहे, आणि आमच्या कीर्तनकारांना तीच अधिक प्रिय. बुवा कैकेयीच्या धैर्याचे वर्णन रंगवीत आणि श्रोते माना डोलावीत. मला मात्र त्या वयात निराळीच शंका छळीत असे. एकदा घरी परतताना मी आजोबांना विचारलेच, "युद्धाला निघताना राजाच्या सारथ्यानं चाक तपासलं नव्हतं का?" आजोबा हसले आणि म्हणाले, "तपासलं असेल वरून. वरून सगळीच चाकं चांगली दिसतात."

हे उत्तर मी पुढे विसरून गेलो होतो. यंदाच्या मे महिन्यात ते अशा रीतीने आठवले की वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी धाकटी बहीण इंदूरला असते. तिचे चिरंजीव तेथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकतात. सुटीत बहीण, मेहुणे आणि भाचा असे तिघेही बुऱ्हाणपूरला आमच्याकडे आले. बसमधून उतरताना भाच्याच्या हातात कपड्यांची पिशवी नव्हती; एक गोणपाटाचे गाठोडे होते, आणि ते उचलायला दोघे लागले. घरी येऊन गाठोडे सोडले तेव्हा आतून काळ्या मेणचट चिखलाने माखलेले लोखंडाचे दोन गोळे निघाले. सौभाग्यवतींनी अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांनी कुरडयांकडे पाहिले, गोळ्यांकडे पाहिले, आणि अंगणाची वाटणी तेथल्या तेथे झाली: विहिरीकडची बाजू भाच्याची, तुळशीकडची कुरडयांची.

हे गोळे म्हणजे एका जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकांचे हब होते. भाचा आणि त्याचे चार मित्र मिळून एक लहान मोटार स्वतः जोडत होते. इंदूरजवळ पीथमपूर येथे २००७ साली सुरू झालेल्या 'बाहा' नावाच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेमुळे आमच्या प्रदेशातील अभियांत्रिकीच्या मुलांना या गोष्टीचे वेड लागले आहे. यांची गाडी स्पर्धेसाठी नव्हती. महाविद्यालयाच्या मैदानात फिरवून हात बसवावा एवढ्यासाठीच होती. सांगाडा नळ्या जोडून केलेला, इंजिन जुने आणि चाकांचे हब भंगारातून आणलेले. ते खोलून, धुऊन, तपासून पुन्हा बसवण्याचे काम भाच्याच्या वाट्यास आले होते. इंदूरच्या तिसऱ्या मजल्यावरील घरात त्यास जागा नव्हती. मामाकडे अंगण होते, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी केळीच्या ट्रॉल्या दुरुस्त करण्यात सारी हयात घालवलेले एक वृद्ध मिस्त्री राहतात. त्यांना सारी गल्ली 'चाचा' म्हणते.

सुटे भाग आणून घरी मोटार जोडणे हा उद्योग आपल्याकडे नवलाचा वाटतो. विलायतेत त्याला मोठी परंपरा आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची छोटी गाडी सुट्या भागांच्या रूपात विकायला काढली. पूर्ण मोटारीवर त्या काळी तेथे जबर खरेदी-कर असे. सुट्या भागांवर तो नसे. अट एवढीच की सोबत गाडी जोडण्याच्या सूचना देता कामा नयेत. त्यावर चॅपमन यांनी गाडी 'सोडवण्याच्या' सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट्या क्रमाने वाचाव्यात अशी सोय केली, असे सांगतात. कथेत तिखटमीठ असेलही. पण जोडण्याची विद्या सोडवण्यातून येते, हे तिच्यातले मर्म कोणत्याही कारागिराला पटेल.

आपल्या मराठी मुलखातही असे ध्यास घेतलेले लोक झाले. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी सर्वसामान्यांना परवडेल अशी छोटी मोटार करायचे मनावर घेतले. १९४९ सालापासून १९७० च्या दशकापर्यंत ते एकामागून एक नमुने तयार करीत राहिले. 'मीरा' हे त्या गाडीचे नाव. ती बाजारात कधी आली नाही, पण रस्त्यावर धावली. आणि अगदी अलीकडे, २०२१ च्या अखेरीस, सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या श्री. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भागांतून केलेली, दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप सर्व देशाने पाहिली. महिंद्र कंपनीच्या प्रमुखांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी गाडी देऊ केली, आणि २०२२ च्या जानेवारीत ती दिलीही. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. त्याच्या कीर्तीत एका लोहाराने अशी भर घातली.

भाचा ही नावे भराभर सांगत होता आणि बोलता बोलता हबवरचा चिखल खरवडत होता. मी म्हटले, "अरे, हा तर तुंबा!" तो थांबला. "तुंबा म्हणजे?" घरात शुद्ध मराठी बोलणाऱ्या, पण शाळा-कॉलेज हिंदी-इंग्रजीतून झालेल्या मुलास हा शब्द कोठून भेटणार? बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी जो लाकडी गड्डा असतो, ज्यात सभोवारचे आरे ठोकलेले असतात आणि ज्याच्या पोटातून आस जातो, तो तुंबा. संस्कृतात त्याला नाभी म्हणतात. मुंडक आणि प्रश्न या दोन्ही उपनिषदांत रथाच्या नाभीत बसवलेल्या आऱ्यांचा दृष्टांत आहे. सारे आरे जिथे एकवटतात ते स्थान ऋषींना इतके मोलाचे वाटले. मी त्याला आजोबांच्या गाडीची गोष्ट सांगितली. सुगीच्या आधी आजोबा गाडी टेकूवर उचलून दोन्ही चाके उतरवीत, आस चिंध्यांनी कोरडा पुसून काढीत आणि मगच नवे एरंडेलाचे वंगण लावीत. आम्हा मुलांना घाई असे. जुन्यावरच नवे वंगण थापले तर काय बिघडते, असे आम्ही म्हणत असू. ते उत्तर देत नसत, पुसत राहत.

भाच्यास शब्द आवडला. त्याने खडूने एका हबजवळच्या फरशीवर 'डावा तुंबा' आणि दुसऱ्याजवळ 'उजवा तुंबा' असे लिहिले. प्रत्येक तुंब्यातून निघणारा भाग त्याच्याच ओळीत, निघाला त्याच क्रमाने मांडायचा, हा चाचांचा पहिला नियम. एका चाकाचे भाग दुसऱ्यात मिसळता कामा नयेत. कारण जे जोडीने झिजलेले असतात ते जोडीनेच ओळखता येतात.

आता हे काम कसे चालते ते थोडे विस्ताराने सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या दाराशी मोटार उभी असते, आणि तिच्या चाकाच्या पोटात काय आहे हे आपण कधी पाहिलेले नसते. नव्या गाड्यांत हे सारे बंद डबीसारखे कायमचे मिटवलेले असते. मी सांगतो ती जुन्या, खोलता येणाऱ्या चाकाची रीत आहे. चाकाच्या मधोमध एक पत्र्याची टोपी असते. ती काढली की एक मोठा खाचांचा नट दिसतो आणि त्याच्यातून आरपार गेलेली दुटांगी पिन. ही पिन म्हणजेच आजच्या रथाची खीळ. पिन सरळ करून ओढली, नट फिरवून काढला, वॉशर काढला की बाहेरचे बेअरिंग हातात येते. मग अवघा तुंबा आसावरून ओढून घ्यायचा. त्याच्या पाठीमागच्या तोंडास रबराचे एक कडे असते. त्याला ऑइल सील म्हणतात. आतले वंगण बाहेर आणि बाहेरची धूळ-पाणी आत जाऊ नये हे त्याचे काम. ते उचकटले की आतले, मोठे बेअरिंग बाहेर पडते. तुंब्याच्या पोटात दोन पोलादी वाट्या घट्ट बसवलेल्या उरतात. चाचा त्यांना 'कटोरी' म्हणतात. बदलायच्या झाल्यास पितळी पहार लावून, आज या बाजूने तर उद्या त्या बाजूने असे न करता, सभोवार हलक्या हाताने थोडथोडे ठोकत त्या सरळ उतरवाव्या लागतात. एका अंगाने जोर केला की तुंब्याला ओरखडा पडतो आणि नवी वाटी नीट बसत नाही.

या बेअरिंगांची घडण पाहण्यासारखी असते. मधोमध एक निमुळते पोलादी कडे, त्याभोवती पिंजऱ्यात बसवलेले लाटण्याच्या आकाराचे बोटाएवढे रूळ, आणि त्यांना बाहेरून कवेत घेणारी वाटी. रूळही एका टोकाला किंचित निमुळते असतात. ही युक्ती हेन्री टिमकेन यांची. ते जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेतील सेंट लुई शहरात घोडागाड्या बनवणारे कारागीर होते. जड गाडी वळणावर वळली की तिचे ओझे चाकावर केवळ वरून पडत नाही, बाजूनेही रेटा देते. साध्या गोल रुळांना तो रेटा सोसत नाही. निमुळत्या रुळांना दोन्ही भार पेलतात. १८९८ साली टिमकेन यांनी याचा हक्क नोंदवला, आणि त्यात त्यांचा जोडीदार होता त्यांचा भाचा, रेजिनाल्ड हाइन्झेलमन. हे कळल्यावर आमच्या भाच्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की पुढचे दोन दिवस डिझेलचे डबे उचलण्याचे काम मला नाकारता आले नाही.

धुण्याचेही शास्त्र आहे. भाचा पेट्रोल आणायला निघाला होता. चाचांनी त्यास दारातूनच परत बोलावले. पेट्रोलची वाफ क्षणात पेट घेते. या कामाला डिझेल बरे, तेही उघड्या अंगणात, चुलीपासून दूर, हातमोजे घालून. ब्रेकजवळची काळी भुकटी फुंकून उडवायची नाही. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षानुवर्षांनी घात करते. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. गंज तारेच्या ब्रशाने काढताना डोळ्यांवर चष्मा हवा. धुतलेले बेअरिंग पंपाच्या हवेच्या झोताने गरगर फिरवून वाळवण्याची मुलांना भारी हौस. कोरडे बेअरिंग त्या वेगाने फिरले तर खराब होते, क्वचित रूळ गोळीसारखे सुटतात. फडक्यावर ठेवून ते आपोआप निथळू द्यावे. चाचा म्हणाले, "बेटा, इसको नहलाओ, नचाओ मत।"

पहिल्या दिवशी तीन वेळा डिझेल बदलले. पहिला डबा डांबरासारखा काळा झाला, दुसरा चहासारखा, तिसरा जवळजवळ स्वच्छ राहिला. तेव्हा कुठे कड्यावर कोरलेला बेअरिंगचा क्रमांक उमटला. मला हा क्षण फार विलक्षण वाटला. दाते-कर्व्यांच्या कोशात शब्द सापडावा तसा तो आकडा चिखलातून वर आला.

दुसऱ्या दिवशी तपासणी. चाचांनी प्रत्येक बेअरिंग उजेडाकडे धरून एकेक रूळ हळूहळू फिरवीत पाहायला सांगितले. कोठे निळसर-तपकिरी झाक आहे का, कारण ती अतिउष्णतेची खूण. समान अंतरावर दबलेल्या रेघा आहेत का, कारण त्या आघाताच्या खुणा. आणि पृष्ठभागाचा टवका उडून खड्डा पडला आहे का. डाव्या तुंब्यातली दोन्ही बेअरिंगे आणि उजव्यातले बाहेरचे आरशासारखे निघाले. उजव्यातले आतले बेअरिंग फिरवताना एका जागी बोटाला किंचित खर्र लागली. रुळांच्या फटीतून पाहिले तर मधल्या कड्यावर, एकाच अंगाला, मोहरीच्या दाण्याएवढे तीन खड्डे. पुढच्या चाकाचे मधले कडे आसावर स्थिर बसते आणि वाटी तुंब्यासंगे फिरते; त्यामुळे गाडीचे ओझे जन्मभर त्या कड्याच्या खालच्याच कमानीवर पडते. बाकी कडे नव्यासारखे असते आणि एवढाच भाग आतून थकत जातो. वरच्या वंगणाने ते सारे झाकलेले होते.

भाच्याने इंदूरच्या मित्रांना दूरध्वनी केला. पलीकडून काय उत्तर आले ते आम्हा सर्वांना ऐकू आले. गाडी चार दिवसांनी प्राध्यापकांना दाखवायची होती. गटाची शिल्लक संपलेली होती. मैदानातच तर फिरवायची आहे, हळूच फिरवू, ग्रीस भरपूर भर, कोणाला कळणार आहे? भाच्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. मी शाळेचा मुख्याध्यापक, तीस वर्षे मुलांना सचोटीचे धडे देणारा; आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "इतकंसं तर आहे. चालेल."

मेहुणे ओसरीत आरामखुर्चीवर बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले.

येथे मला थोडे मागे जावे लागेल. अठरा वर्षांपूर्वी इंदूर-इच्छापूर मार्गावरच्या घाटात मेहुण्यांचा अपघात झाला. भाचा तेव्हा दोन वर्षांचा होता. कचेरीच्या कामासाठी ते भाड्याच्या जीपने निघाले होते. उतारावर पुढचे डावे चाक तुंब्यासकट निसटून दरीत गेले, आणि गाडी कठड्यावर आदळून थांबली म्हणून चौघे वाचले. मेहुण्यांचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. तीन शस्त्रक्रिया झाल्या. पाय दीड इंच आखूड राहिला. फिरतीची नोकरी सुटली, टेबलाची घ्यावी लागली. भाच्याने वडिलांना लंगडतानाच पाहिले आहे; त्याला ती त्यांची चालच वाटते. अपघाताची गोष्ट घरात कधी विस्ताराने होत नसे. बहिणीला ती सोसत नाही, आणि मेहुणे अबोल.

त्या दुपारी ते एवढेच म्हणाले, "त्या गाडीच्या टोपीतही ग्रीस नवंच होतं."

कोणी काही बोलले नाही. मग त्यांनीच थोडे सांगितले. गाडी निघण्याच्या आठ दिवस आधी चाकांत ग्रीस भरले होते, आणि त्याचे पैसेही दिलेले होते. ज्याने भरले त्याने टोपी काढली, बाहेरच्या बेअरिंगवर बोटभर ग्रीस थापले आणि टोपी लावली. तुंबा ओढून आतले बेअरिंग पाहायला आणखी तासभर लागला असता. पुढे पोलिसांच्या पंचनाम्यात गाडी तपासणाऱ्या माणसाने दाखवले: बाहेरचे बेअरिंग नव्या ग्रीसमध्ये चमकत होते, आणि आतले कोळशासारखे जळून आसाला चिकटलेले होते. "तो माणूस वाईट नव्हता," मेहुणे म्हणाले. "दवाखान्यात मला भेटायला आला, रडला. त्याला खरंच वाटलं होतं की चालेल."

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गाडी तयार झाल्यावर पहिल्यांदा चालवायला भाचाच बसणार आहे, हे तिला ठाऊक होते. तिने काहीच म्हटले नाही, पदराला हात पुसून ती आत गेली. हे मौन मला कोणत्याही बोलण्यापेक्षा जड वाटले.

भाच्याने ते बेअरिंग पुन्हा उचलले, फिरवले, खर्र ऐकली, आणि फडक्यात गुंडाळून बाजूस ठेवले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो भुसावळला गेला. बुऱ्हाणपूरच्या बाजारात त्या क्रमांकाचे बेअरिंग शिल्लक नव्हते. सायंकाळी तो वाटीसह नवे बेअरिंग, दोन्ही तुंब्यांसाठी नवी सीले आणि नव्या पिना घेऊन परतला. कडे नवे आणि वाटी जुनी अशी सांगड घालायची नसते. जोडी नवीच हवी. पैसे त्याने स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घातले. मी देऊ केले ते घेतले नाहीत. मित्रांना त्याने कळवले की गाडी दाखवायला दोन दिवस उशीर होईल. मित्र रागावले. रागावू देत.

नंतरचे काम मला पाहायला मिळाले, आणि त्यात चाचांच्या हाताची कला दिसली. ग्रीस बोटाने वरून फासायचे नसते. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगचे रुंद तोंड त्यात दाबत दाबत ओढायचे, ग्रीस रुळांच्या फटींतून वरच्या बाजूने बाहेर येईपर्यंत. मग थोडे फिरवून पुन्हा तसेच, पूर्ण वर्तुळभर. दोन निराळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळायची नाहीत. पुष्कळदा त्यांचे जमत नाही आणि दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. तुंब्याची पोकळीही गच्च भरायची नाही; तिसरा भाग ते निम्मा पुरे. फार भरले तर ते घुसळून तापते.

शेवटी नट आवळणे. मला वाटत होते की जितका घट्ट तितका सुरक्षित. चाचांनी तुंबा हाताने फिरवत फिरवत नट आवळला, म्हणजे रूळ आपापल्या जागी बसले. मग तो सैल सोडला. आणि मग केवळ बोटांनी लागेल तेवढाच पुन्हा फिरवला. चाक हलवून पाहिले की केसभर खेळ जाणवावा, त्याहून अधिक नाही. फार आवळले तर बेअरिंग तापून जळते; फार सैल ठेवले तर चाक डगमगते आणि रूळ मार खातात. मग नवी पिन घालून तिचे दोन्ही पाय वळवले. जुनी पिन पुन्हा वापरायची नसते. एकदा वाकून सरळ झालेल्या तारेवर भरवसा ठेवीत नाहीत. भाच्याने विचारले, "चाचा, किती आवळायचं ते मापाने सांगता येईल का?" त्याच्या पुस्तकात माप होते, चाचांनी तेही नाकारले नाही. "किताब का नाप लगाओ, फिर हाथ से पूछो," ते म्हणाले.

त्या रात्री मला झोप उशिरा लागली. 'चालेल' हा शब्द आपल्या भाषेत किती सहज येतो! चाकावरूनच तो आला असावा असे वाटण्याजोगा आहे. कपडा चालेल, भाजी चालेल, स्थळ चालेल. बहुतेक वेळा त्यात समंजसपणा असतो, आणि तो नसता तर संसार झाले नसते. पण न उघडता म्हटलेले 'चालेल' निराळे. मला माझ्या शाळेतला एक मुलगा आठवला. आठवीत असताना तो वाचनात मागे होता. शिक्षकांनी 'लक्ष नाही' असा शेरा लिहिला, आणि मी प्रगतिपुस्तकावर सही केली. सातवीतही तसाच शेरा होता आणि त्याखालीही माझीच सही. नववीत शाळेत नेत्रतपासणी झाली तेव्हा कळले की त्याला फळ्यावरचे अक्षरच दिसत नव्हते. चष्मा लागला आणि मुलगा वाचू लागला. तो आता चांगल्या नोकरीत आहे, भेटला की पाया पडतो. त्याला माहीत नाही की त्याच्या आयुष्यातली ती दोन वर्षे माझ्या दोन सह्यांखाली दबली होती. मी टोपी काढून पाहिले होते. आतले बेअरिंग पाहिले नव्हते.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या घरांतही अशा कितीतरी टोप्या चकचकीत असतात. गणपती, हळदीकुंकू, कोजागिरी सारे यथासांग होते. आत नातवंडांना आजीचे बोलणे किती कळते हे आपण क्वचितच पाहतो. 'तुंबा' हा शब्द माझ्या भाच्याला वयाच्या विसाव्या वर्षी मिळाला, तोही त्याने तुंबा उघडला म्हणून. हा दोष मी त्याला देत नाही. आजोबांनी मला तो चाक पुसता पुसता दिला होता. मी तो इतकी वर्षे कोणाला दिला नव्हता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात भाच्याचा निरोप आला. गाडी मैदानात फिरली. प्राध्यापकांनी चाक उचलून हाताने फिरवून पाहिले, आवाज नाही म्हणून समाधान व्यक्त केले. पहिली फेरी भाच्याने घेतली. दुसऱ्या फेरीला मेहुणे शेजारच्या आसनावर बसले होते, आणि बहीण कडेला उभी राहून पाहत होती. फेरी संपल्यावर तिने इतकेच विचारले म्हणे, "आतलं पाहिलंस ना?"

ते खड्डे पडलेले बेअरिंग भाचा येथेच विसरून गेला. मी ते धुऊन शाळेतल्या टेबलावर कागद दाबण्यासाठी ठेवले आहे. वरून ते अगदी नवे दिसते. येणारे-जाणारे त्याची वाखाणणीही करतात. सहीसाठी एखादा कागद पुढे आला, आणि आणणारा म्हणाला की सर, सगळं पाहिलं आहे, तर माझे बोट आपोआप त्या कड्यावर जाते. एका जागी ते अजून खर्र करते. मग मी चष्मा लावतो आणि कागद पहिल्या ओळीपासून वाचू लागतो.